एसीपी प्रद्युम्न आणि बाबा

आज नारायण पेठेत बाबांकडे गेले होते. टीव्हीवर सीआयडीचा जुना भाग चालू. आवाज एवढा मोठा की एसीपी प्रद्युम्न मला जिन्यातच भेटले. बाबा शेंगा सोलत बसलेले; टरफलं पेपरवर, दाणे वाटीत, नजर मात्र प्रद्युम्न साकारणाऱ्या शिवाजी साटमांच्या हातावर. हवेत बोटं फिरवायची साटमांची ती लकब बाबांना अजून तितकीच आवडते.

म्हणाले, "बँकेतला माणूस गं, आपल्यातला." खरंच, साटम सेंट्रल बँकेत कॅशियर होते. बँकांच्या नाट्यस्पर्धेत अभिनेते बाळ धुरींनी त्यांना हेरलं आणि संगीत नाटकात घेतलं. १९९८ला सीआयडी सुरू झाली तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. पुढे २०१८पर्यंत १५४७ भाग! आणि २००४चा तो १११ मिनिटांचा, एका टेकमधला भाग. मला त्याचंच सर्वांत जास्त कौतुक.

बाबाही कॅशियर. आंतरबँक स्पर्धेत एकदा इन्स्पेक्टर झाले होते, भरत नाट्य मंदिरात. मग बदली झाली, नाटक सुटलं. आज पहिल्यांदाच त्यांनी ती एंट्री मला करून दाखवली, शेंगदाण्यांची वाटी हातात तशीच धरून.