बिनवायरीचा दोरीवाला

हिरवळ कापायचं चार चाकांचं यंत्र आमच्याकडे आधीपासून आहे. ते ढकलत नेलं की मधला सगळा चौक तासाभरात गुळगुळीत होतो. मग घाम पुसत, काहीतरी मोठं केल्याच्या थाटात मी मागे वळतो आणि तेव्हा दिसतात त्या कडा. कुंपणाच्या तळाशी, दाढी करताना सुटल्यासारखी राहिलेली रांग. पायरीच्या बाजूने उभे तुरे. नळाच्या पाइपाला बिलगलेला झुपका, झाडांच्या बुंध्यांभोवती झालरी. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ते हेच. फरक इतकाच की म्हणीतलं शेपूट एकदाच राहतं, हे दर पंधरा दिवसांनी नव्याने फुटतं.

शेपटासाठी वेगळं यंत्र घ्यायचं हे पटायला मला दोन वर्षं लागली. तोवर विळा होता. विळ्याबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार कमरेची होती. मधे एकदा एका स्नेह्यांकडून वायरीचा ट्रिमर, म्हणजे दांड्याच्या टोकाला गरगर फिरणाऱ्या दोरीने गवत कापणारं यंत्र, मागून आणला. खिडकीतून एक्स्टेन्शन बाहेर काढून कामाला लागलो आणि अर्धा तास गवतापेक्षा वायरच जास्त सांभाळली. ती कुंडीला अडकायची, गुलाबाला विळखा घालायची आणि नेमकी नळापाशी पोचताना दीड हात कमी पडायची. शेवटी ताण बसून प्लग निघाला, तेव्हा मी तो परत लावायला गेलोच नाही. पेट्रोलवाल्याचं नावही कुणीतरी सुचवलं होतं. पण एवढ्याशा कडांसाठी पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळा, चालू करायची दोरी ओढओढून खांदा उतरवून घ्या आणि सुट्टीच्या सकाळी शेजाऱ्यांना उठवा, हे सांगितलंय कुणी?

म्हणून बॅटरीवरचा. याला म्हणतात कॉर्डलेस स्ट्रिंग ट्रिमर. एक दोरी काढून टाकली आणि दुसरी लावली, असं त्या नावातच कबूल केलेलं आहे. आमच्याकडे त्याचं बारसं ‘बिनवायरीचा दोरीवाला’ असं झालं.

घेताना खोक्यावरच्या आकड्यांनी माझी चांगलीच फिरकी घेतली. एकावर 18 व्होल्ट, शेजारच्यावर 20 आणि 20च्या पुढे बारीक अक्षरांत ‘मॅक्स’. दोन व्होल्ट जास्त मिळतायत म्हणून मी दुसरा उचलणारच होतो. पण दोघांच्याही पोटात लिथियम-आयनचे पाच-पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचे धरायचे 3.6 व्होल्ट, पाचांचे झाले 18. चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी असली की प्रत्येक सेल चारच्या थोडा वर असतो, म्हणून तेच झाले 20. एकाने रोजचा पगार सांगितला, दुसऱ्याने दिवाळीचा बोनस धरून सांगितला. 36 आणि 40चीही तीच गोष्ट, फक्त सेल दहा. खरा बघायचा तो गुणाकार: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. 18 व्होल्टची 4 अँपिअर-अवरची बॅटरी आणि 36ची 2ची, दोन्हींत वीज 72 वॉट-अवरच. बादली उंच की पसरट एवढाच फरक.

हे कळल्यावर मी शहाण्यासारखा सगळ्यात मोठ्या बॅटरीकडे वळलो आणि तिथे नाकापेक्षा मोती जड झाला. हे यंत्र जमिनीवर टेकवून ढकलायचं नसतं, हातात तोलून झुलवायचं असतं. पुढच्या टोकाला दोरी फिरवणारं डोकं, बहुतेकांत मागच्या टोकाला बॅटरी आणि मधलं हँडल म्हणजे तराजूचा काटा. बॅटरी फार हलकी पडली तर डोकं सारखं जमिनीत नाक खुपसतं, फार जड झाली तर शेपटीवर बसतं. दोन्हींत मनगट मधे पडून भांडण सोडवत राहतं. माझं स्पष्ट मत आहे की बॅटरी लावून, पट्टा खांद्यावर घेऊन, दुकानातच उभं राहून दोन मिनिटं नुसतं झुलवून बघावं. लोक बघतात. बघू देत. आमच्या घरात माझ्या आणि मुलीच्या उंचीत चांगला वीतभर फरक आहे, म्हणून दांडा लांब-आखूड होणारा घेतला. तेवढा एक निर्णय मी पहिल्या झटक्यात बरोबर घेतला.

मोटर ब्रशलेस असली तर चांगलंच, कार्बनचे ब्रश घासत नाहीत आणि त्याच बॅटरीत काम थोडं जास्त होतं. पण त्याहून आधी बघावं ते घरातल्या ड्रिल मशिनकडे. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्रात सहसा बसत नाही. लग्न यंत्राशी लागत नाही, बॅटरीशी लागतं, आणि ट्रिमर हा त्या घरातला दुसरा नाहीतर तिसरा जावई.

आता गंमत अशी, की हे सगळं ज्यासाठी, ती वस्तू म्हणजे दोन-चार बोटं लांबीचा नायलॉनचा तुकडा. हातात घेतला तर लुळा. त्याने गवत कापलं जाईल यावर कोण विश्वास ठेवेल? ज्याने ठेवला तो जॉर्ज बॅलस, अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा, एके काळी नृत्यशाळा चालवणारा गृहस्थ. 1971 साली मोटार धुऊन घेताना त्याच्या लक्षात आलं की ते गरगर फिरणारे नायलॉनचे ब्रश फिरताना ताठ उभे राहतात, मोटारीच्या खाचाखोचांत शिरतात आणि रंगाला मात्र धक्का लावत नाहीत. घरी येऊन त्याने पत्र्याच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली, त्यांत मासे पकडायची दोरी ओवली आणि डबा कडा कापायच्या यंत्रावर चढवून फिरवला. पुढे त्याने ‘वीड ईटर’ या नावाने हे यंत्र बाजारात आणलं. आपण तणखाऊ म्हणू.

दोरीला ताठ करतो तो वेग. मी एकदा कागदावर हिशेब मांडला. मिनिटाला 7000 फेरे आणि कापणीचं वर्तुळ 30 सेंटिमीटरचं धरलं, तर दोरीचं टोक ताशी सुमारे 400 किलोमीटरने पळतं. हा वेग फक्त टोकाला. आत मध्याकडे यावं तसा तो कमी होत जातो. म्हणजे कापतं ते टोक.

हे कागदावर समजलं, हाताला समजायला महिना गेला. विळ्याची सवय. विळ्याने गवत पकडायचं, ओढायचं, जोर लावायचा. मी ट्रिमरही तसाच गवतात घुसवला. घुसवला की दोरी गवताला गुंडाळते, मोटर कण्हायला लागते, डोक्याभोवती हिरवी पगडी बांधली जाते. मग थांबा, बॅटरी काढा, पगडी सोडवा. हरळीसारखं लांब धाग्यांचं गवत असेल तर ही पगडी सोडवणं म्हणजे लग्नघरातला गुंता. कुंपणाच्या जाळीपाशी तर मी अख्खं डोकंच टेकवत होतो आणि दर हातभर अंतरावर दोरी तुटत होती. जाळीच्या बोटभर अलीकडे थांबून टोकाने नुसतं चाटलं, की तेच गवत झरझर झडतं. उंच वाढलेलं असेल तर एकदम बुंध्याला हात घालायचा नाही, केस कापतात तसं वरून थराथराने उतरायचं. आणि डोकं कुठल्या बाजूला फिरतंय ते एकदा बघून ठेवायचं. एका बाजूने कापलं तर कचरा पुढे उडतो, दुसऱ्या बाजूने कापलं तर तुमच्या नडग्यांवर येतो. माझ्या पँटींनी हे माझ्या आधी ओळखलं.

दोरी झिजली की डोकं चालू यंत्रातच जमिनीवर हलकेच आपटायचं. आत रिळाची कडी सुटते, फिरण्याच्या ओढीने थोडी दोरी बाहेर येते आणि जास्त आली तर गार्डखालचं, म्हणजे दोरीवरच्या संरक्षक झाकणाखालचं, छोटं पातं ‘टिक्’ करून ती मापात छाटतं. हा ‘टिक्’ ऐकू आला की फार बरं वाटतं. काही यंत्रं आपणहून दोरी सोडतात, तिथे हे सुख नाही.

सुखाचं तिकीट मात्र रीळ भरताना फाडावं लागतं. पहिल्यांदा मी पायरीवर बसून, चष्मा नाकावर घेऊन, रिळावर दोरी गुंडाळली. छान घट्ट, गोल गरगरीत. यंत्र चालू केलं, आपटलं. काही नाही. पुन्हा आपटलं, जमिनीला खळगा पडला, दोरी आत गुडूप. उघडून बघितलं तर रिळाच्या कडेला बाण कोरलेला होता आणि मी त्याच्या उलट गुंडाळली होती. मग सुलट गुंडाळली, पण वेढे एकमेकांवर तिरपे चढले. पंधरा मिनिटांनी पुन्हा अडकली. या वेळी उघडलं तेव्हा आत दोन वेढे तापून चक्क एकमेकांना चिकटलेले, नखाने सुटेनात. तिसऱ्या वेळी मुलगी शेजारी येऊन बसली. तिने दोरीचं टोक भोकात अडकवलं, बाणाच्या दिशेने एकेक वेढा शेजारी-शेजारी मांडत नेला, एक थर झाल्यावरच दुसरा, आणि रीळ काठोकाठ न भरता बोटभर रिकामं ठेवलं. “बाबा, तुम्ही पतंगाची चक्री भरताय,” एवढंच म्हणाली.

दोरीची जाडीही यंत्राने सांगितलेली तीच घ्यावी. माझी 2 मिलिमीटरची. 2.4ची टिकेल जास्त असं मनात येतं, पण छोट्या मोटरला ती ओढताना धाप लागते आणि बॅटरी लवकर बसते. टिकाऊपणाचा खरा उपाय फुकटचा आहे: पाणी. नायलॉन ओलावा पितं. बरेच दिवस कपाटात पडून वाळलेली दोरी कुडकुडीत होते आणि तुटते. रीळ भरण्याआधी दिवसभर पाण्यात टाकली की पुन्हा लवचिक होते. आमच्या मोरीत अधूनमधून बरणीत भिजत घातलेली हिरवी दोरी दिसते आणि पाहुणे काही विचारत नाहीत.

झिजलेली दोरी जाते कुठे, हा प्रश्न मात्र मी बरेच दिवस टाळला. जाते कुठे म्हणजे काय, मातीत जाते, बारीक प्लास्टिक होऊन. तुटलेले मोठे तुकडे मी वेचतो. बाकीच्याचं काय करायचं, तर फरशीला आणि जाळीला दोरी कमी घासायची, एवढंच माझ्या हातात आहे.

माहितीपुस्तिकेत बजावलंय की डोळ्यांना गॉगल, पायांत बंद बूट, अंगात लांब पँट आणि बघणारी माणसं 15 मीटर लांब. पहिल्या दिवशी मी चपला घालून उतरलो होतो. हरभऱ्याएवढा खडा नडगीवर असा बसला, की चारशे किलोमीटरचा हिशेब पुन्हा तपासायची गरज उरली नाही. तेव्हापासून पुस्तिकेतलं सगळं ऐकतो. आधी खडे आणि तारा वेचतो, गवतात पाय आपटून बेडकांना नोटीस देतो आणि डोक्याला हात लावायच्या आधी बॅटरी काढतो. फक्त ते 15 मीटर जमत नाहीत. आमचं अख्खं अंगणच तेवढं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली, सांगायला लाज वाटते म्हणून राहिली. लिंबाचं रोप. बुंध्याभोवतीची झालर इतकी छान निघत होती, की दर पंधरा दिवसांनी मी अगदी खोडाला टेकून दोरी फिरवायचो. एक दिवस वाकून बघितलं तर जमिनीलगत सालीवर फिकट, ओलसर पट्टा. पानांनी केलेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीलगतच्या थरातून. साल पूर्ण गोलाकार सोलली गेली की झाड वरून हिरवं असतानाच खालून उपाशी पडतं. माझा पट्टा तीन चतुर्थांश होता. उरलेल्या एक चतुर्थांशावर रोपाने कसंबसं निभावलं, पण ते वर्ष फुलाविनाच गेलं. आता प्रत्येक झाडाभोवती हातभर आळं मोकळं ठेवून त्यावर पालापाचोळा पसरलाय. आतलं तण मी बसून, खुरप्याने काढतो. कमरेची तक्रार चालू असते.

बॅटरी कामावरून आली की गरम असते. लगेच चार्जरवर टाकली तर तो दिवा लुकलुकवत थांबून राहतो, थंड झाल्यावरच घेतो. वापर नसेल तेव्हा ती अर्धीमुर्धी भरून घरातल्या गारव्यात ठेवायची, उन्हात तापणाऱ्या शेडमध्ये नाही. ही खातिरदारी मुलीकडे आहे, कारण ट्रिमरही आता तिच्याकडेच आहे. ती तो चालवते तेव्हा आवाजसुद्धा वेगळा येतो, मोटर कण्हत नाही, एका सुरात गुणगुणते. गवताला ती जेमतेम शिवते.

परवा मी लिंबापाशी खुरपं घेऊन बसलो होतो. गॉगल लावून, पट्टा खांद्यावर टाकून ती कुंपणाच्या कोपऱ्यात उभी राहिली. यंत्र चालू करेना.

“काय झालं?” मी विचारलं.

“पंधरा मीटर,” ती म्हणाली.

मी खुरपं ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठलो आणि आत जाऊन खिडकीत उभा राहिलो.