तिथी बघून ऐरोलीला

ठाणे खाडीतले फ्लेमिंगो बघायला आलेली कितीतरी माणसं रविवार तेवढा बघतात, भर भरतीत बोटीत बसतात आणि तासभर नुसतं पाणी बघून परततात. लहान मुलांचे हिरमुसलेले चेहरे बघून फार वाईट वाटतं, कारण ही चूक पंचांग उघडलं तरी टळते.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्राची बोट भरतीच्या मागेपुढेच सुटते. ओहोटीला धक्क्यापाशी चिखलच उरतो. पण पाणी पूर्ण भरलं की चिखलपट्टे बुडतात, पक्ष्यांना पाय टेकायला ठाव राहत नाही आणि थवे भांडुपकडे नाहीतर नेरूळच्या तळ्यांवर विसाव्याला जातात. म्हणून पाणी चढत असतानाची फेरी मला सगळ्यांत आवडते. पाणी रेटत येतं तसतसे पक्षी उरलेल्या चिखलावर दाटीवाटीने गोळा होत काठच्या तिवरांकडे (खारफुटीच्या झाडांकडे) सरकतात.

वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करा, मुंबईच्या भरतीची वेळ मिळते. द्वादशीला नऊ, चतुर्दशीला साडेदहा. ऐरोली खाडीच्या आत, त्यामुळे तिथे पाणी थोडं उशिरा चढतं. हा हिशेब ढोबळ आहे. दिवस निवडायला पुरतो, बोटीची वेळ मात्र केंद्राकडूनच पक्की करा. द्वादशी ते चतुर्दशी मला उत्तम वाटतात. भरती सकाळी येते, आणि ऐरोली पूर्वेच्या काठावर असल्याने ऊन आपल्या पाठीशी, पक्ष्यांच्या अंगावर पडतं. दुपारनंतर तेच पक्षी काळ्या सावल्यांसारखे दिसतात. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी जोर करत नाही, पक्षी लांबच राहतात.

दुर्बीण ८×४२ची घ्या. दहापटीची बोटीत हलते.

इथे बहुतेक छोटे रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो. चोच गडद, काळपट लाल. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी, टोकाला तेवढी काळी. खाताना निरखून बघा: मान खाली, डोकं उलटं, चोचीची वरची बाजू पाण्याकडे. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत येतं, बाहेर जातं, आणि चोचीतल्या बारीक जाळीत शेवाळ अडकतं. छोटा रोहित पृष्ठभागाजवळचं निळं-हिरवं शेवाळ गाळतो. मोठा चोच खोल घालून चिखलातले जीव काढतो. गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. राखाडी दिसणारी पिल्लं आहेत, आजारी नव्हेत. आणि हे शेवाळ माजतं ते बरंचसं आपल्याच सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर, हेही लक्षात ठेवायला हवं.

बोट फार जवळ गेल्याची खूण ठरलेली: आधी खाणं थांबतं, मग सगळ्या माना एकदम ताठ होतात, मग थवा एकाच दिशेने चालू लागतो. माना वर झाल्या की लगेच इंजिन बंद करायला सांगा. चालू लागल्यावर उशीर झालेला असतो. चार पावलं धावून ते उडतात आणि भरती पूर्ण होण्याआधीचा खाण्याचा मोजका वेळ वाया जातो. फोटोसाठी मुद्दाम थवा उडवायला लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

२०१५ साली खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. त्यातला निम्म्याहून अधिक भाग कांदळवन आहे, म्हणून बोटीवरून उतरून थेट स्टेशन गाठू नका. लाकडी वाटेवर तिवराचं पान उलटं करून हलकेच जीभ लावा: खारट लागतं. मुळांतून आलेलं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. खाली चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली श्वसनमुळं आणि त्यांच्यामध्ये उड्या मारणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, दिसतील. कोल्ह्याचे ठसे दिसले तर नशीब. या खारफुटीत सोनेरी कोल्हे राहतात.

नोव्हेंबरपासून थवे येऊ लागतात. एप्रिल-मेमध्ये गर्दी चांगली असते, पण तेव्हा टोपी आणि माणशी लिटरभर पाणी हवंच, बोटीवर ऊन पाण्यावरूनही उलटून अंगावर येतं.