१०९५चा कोट उतरला, खालून निघालं भलतंच

माझा चाकू १०९५चा, म्हणजे भरपूर कार्बन असलेल्या, गंजणाऱ्या पोलादाचा. त्याच्या पात्यावरचा काळा कोट शेवटी उतरवला. दोन वर्षं ठेवू की काढू करत बसलो होतो. मागे एका रविवारी कांद्याच्या चकतीवर तिळाएवढी काळी टिकली दिसली आणि निकाल लागला. कोटाचे पापुद्रे सुटायला लागले होते. ढलप्या काढायच्या चाकूवर तो खुशाल राहू दे, पण कोशिंबीर चिरायच्या पात्यावरचा रंग पोटात कशाला? आणि 'कोट आहे म्हणून गंज नाही' म्हणणाऱ्यांनी धारेकडे बघावं. तिथला कोट पहिल्याच पाजवण्यात जातो, म्हणजे गंजायची मुख्य जागा उघडीच.

काढणं सोपं निघालं. मुठीच्या मायकार्टाच्या (रेझिनमध्ये घट्ट दाबलेल्या कापडाच्या) पट्ट्या खोलल्या, गच्चीवर रबरी मोजे घालून पेंट रिमूव्हरचा जाड थर दिला, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली. वीस मिनिटांत कोटाची इपॉक्सी दुधावरच्या सायीसारखी सुरकुतली. रिमूव्हरमध्ये मेथिलीन क्लोराईड असेल तर बंद खोलीत हा उद्योग अजिबात करू नका.

खरी गंमत पुढं. खाली चकचकीत पोलाद असणार अशी माझी समजूत. निघालं ते टाकी लावलेल्या पाट्यासारखं खरबरीत. आता कळतंय का ते. पाणी द्यायला, म्हणजे पोलाद कडक करायला, पातं ८०० अंशांच्या आसपास तापवतात, तेव्हा वर खपली धरते आणि पृष्ठभागातला कार्बन थोडा उडतो. वरून कोटच चढणार असेल तर ते घासून काढायच्या भानगडीत कारखानदार कशाला पडेल? कोट गंजासाठी असेलही, पण ओबडधोबडपणा झाकायलाही असतो, हे माझं मत.

त्यात साताऱ्याचा जुलै. धुऊन, पुसून पातं ओट्यावर ठेवलं आणि सकाळी बघतो तर प्रत्येक खळग्यात नारिंगी ठिपका. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, मग ४००. दोन संध्याकाळी गेल्या, बोटांची सालं निघाली. उंचवटे चमकले, खळगे तसेच. शेजारचे काका ग्राइंडर घेऊन दारात हजर: "दोन मिनिटांचं काम हाय." हात जोडले. अशा पात्याचं टेम्परिंग (कडक केलेलं पातं ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा तापवणं) साधारण २०० अंशांना केलेलं असतं. ग्राइंडरखाली धार निळी पडली की पाणी उतरलंच समजा.

मग गंज लांब ठेवणारा राखाडी थर धरावा म्हणून सगळे करतात ते केलं. साबणाने तेलकटपणा काढून कोमट व्हिनेगरमध्ये अर्धा तास. सपाट भाग झकास राखाडी झाला, पण तासाभरात खळग्यांत पुन्हा लाली. आम्ल आत दडून बसतं. खायच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा धुतलं तेव्हा जरा थांबलं, पण डाग राहिले ते राहिलेच. एका ओळखीच्या लोहाराकडं बेल्टवर घासायला द्यायचं ठरवून टाकलं होतं.

आई खोकल्यासाठी हिरडा उकळत होती. मी तिचा लोखंडी उलथना त्यात बुडवून ढवळलं, तर थोड्या वेळाने टोकाभोवती पाणी शाईसारखं निळं-काळं. शाईच ती! हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड, जुन्या काळी शाईसुद्धा याच जोडीतून करत. आणि बाजारातल्या गंजावरच्या काळ्या द्रावणांतही बहुधा हेच टॅनिन असतं, ते तांबड्या गंजाला धरून त्याचंच काळं करतं. म्हणजे माझे नालायक खळगेच आता कामाचे.

काष्ठौषधीच्या दुकानातून पाव किलो हिरडा आणला. मूठभर कुटून लिटरभर पाण्यात उकळला, गाळला, फडक्याने गरम काढा लावला, वाळू दिला, पुन्हा लावला. असं चार वेळा. तिसऱ्या हाताला खळगे एकेक करून विझले. नारिंगी ठिपका आधी तपकिरी, मग जांभळट, मग काळा, आणि मी टॉर्च घेऊन तासभर नुसता बघत बसलो. रंग व्हिनेगरसारखा एकसारखा नाही, पावसाळी आभाळासारखा ढगाळ आहे. मला हाच आवडला.

आई म्हणाली, "विळीला कधी रंग दिला होता का रे? चिरून झालं की पुसून ठेवायची." तिची विळी कांदा-कैरीनं काळीभोर आहे आणि तिला मी कधी गंजलेली पाहिली नाही.

वर लिक्विड पॅराफिनचा हलका हात दिलाय, औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतं. खोबरेल लावू नका, थंडीत गोठतं आणि पुढं खवट होतं. शेंगतेल तर चिकट बसतं. कातडी म्यानात तूर्त ठेवत नाही, ते ओल धरतं.

लोहाराचा बेत रद्द. लिहिता लिहिता सुचलं की दुसऱ्या चाकूला व्हिनेगर द्यायचंच नाही, कोट काढला की थेट हिरडा. पण तो दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. या पावसात कोट काढायला बसलो हीच माझी चूक. आज पाचवा दिवस. मुठीजवळ, जिथं फडकं पोचलं नव्हतं, तिथं एकच नारिंगी ठिपका आलाय. काढा संपलाय आणि आईनं हिरड्याची पिशवी उचलून आपल्या डब्यात टाकली आहे.