एटीसीसी ७००६०३ ने माझी जिरवली

"मॅडम, एकदा बघता का, कंट्रोलच फेल होतोय," असं आमचा ज्युनियर म्हणाला तेव्हा मी स्क्रीनवरून मान न उचलताच म्हटलं, "डीएनए परत काढ." पुढचे चार दिवस मी हेच वाक्य वेगवेगळ्या आवाजात म्हणत होते.

त्याचं असं झालं की लॅबमध्ये नवीन लाँग-रीड सिक्वेन्सर (डीएनएचे लांब तुकडे वाचणारं यंत्र) आला होता आणि त्यावरून बॅक्टेरियाची स्पीशीज ओळखायची पद्धत आम्हाला व्हॅलिडेट करायची होती. म्हणजे काय, तर ज्यांची नावं आधीच माहीत आहेत असे स्ट्रेन चालवायचे आणि सॉफ्टवेअर लेबलवरचंच नाव सांगतंय का ते बघायचं. क्लेबसिएला न्यूमोनिई या जंतूसाठी मी ७००६०३ दिला, एटीसीसी या अमेरिकन जंतुसंग्रहातला हा स्ट्रेनचा नंबर. ईएसबीएलच्या, म्हणजे सेफ्टाझिडाइमसारखी अँटिबायोटिक्स तोडणाऱ्या एन्झाइमच्या टेस्टचा कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला नमुना) म्हणून तो वर्षानुवर्षं उणे ८० च्या फ्रीझरमध्ये असतोच, घरचाच माणूस म्हणायचा.

आता एएनआय काढतात म्हणजे आपला अख्खा जीनोम त्या स्पीशीजच्या टाईप स्ट्रेनच्या (स्पीशीजचं नाव ज्याच्याशी बांधलेलं असतं त्याच्या) जीनोमशी ताडून बघतात, सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या वर आलं तर स्पीशीज तीच. न्यूमोनिईचा टाईप एटीसीसी १३८८३. आणि आमचा ७००६०३ त्याच्याशी ९३ च्या घरात.

माझं पहिलं मत: पोराने ट्यूब बदलल्या. दुसरं मत: कंटॅमिनेशन. स्टॉकबद्दल मला जरा जास्तच अभिमान आहे, पाचच्या पुढे पॅसेज (स्टॉक पुन्हापुन्हा वाढवणं) मी जाऊ देत नाही आणि प्रत्येक क्रायोव्हायलवर तारीख माझ्या अक्षरात असते, त्यामुळे स्टॉक चुकीचा असेल हा विचारच डोक्यात आला नाही. मॅकॉन्की अगारच्या प्लेटवर मी स्वतः स्ट्रीक मारली, गुलाबी, फुगीर, लूपला चिकटणाऱ्या छान एकसारख्या कॉलनी, त्यातली एकच उचलली. परत ९३. मग सीलबंद व्हायल फोडली. परत ९३. असेंब्लीत (तुकडे जोडून तयार केलेल्या जीनोममध्ये) भेसळ नाही, क्रोमोसोम पूर्ण गोल बंद झालेला, ५० लाखांच्या वर बेस, जिथल्या तिथे. १६एस (बॅक्टेरिया ओळखायला नेहमी बघतात तो जीन) बघून उपयोग नव्हता, क्लेबसिएलाच्या या जवळच्या भावंडांमध्ये तो जवळपास सारखाच असतो (तरी एका सीनियरनी "१६एस करून टाका ना" असा सल्ला दिलाच, देणारच).

चौथ्या दिवशी मी हुकमाचा पत्ता काढला, बीटा-लॅक्टमेज, म्हणजे पेनिसिलिनसारखी अँटिबायोटिक्स तोडणारं एन्झाइम. म्हटलं, "अरे, यात एसएचव्ही आहे ना? न्यूमोनिईचा घरचा बीटा-लॅक्टमेज एसएचव्हीच असतो, मग वाद कसला?" तो जरा थांबून म्हणाला, "मॅडम, एसएचव्ही-१८ आहे, पण तो प्लाझमिडवर आहे. क्रोमोसोमवर ओकेपी आहे."

मी गप्प. प्लाझमिड, म्हणजे क्रोमोसोमपासून वेगळी डीएनएची छोटी रिंग, बाहेरून येतं, ते कुणाकडेही असू शकतं. पण क्रोमोसोमवर ओकेपी, हा दुसरा बीटा-लॅक्टमेज, म्हणजे क्लेबसिएला क्वासिन्यूमोनिई. ही स्पीशीज वेगळी काढली २०१४ मध्ये आणि हा स्ट्रेन वेगळा झाला तो १९९४ मध्ये, म्हणजे तेव्हा नाव देणाऱ्याची काहीच चूक नाही, ते नाव तोवर जन्मालाच आलं नव्हतं. संध्याकाळी शोधलं तर ७००६०३ चा पूर्ण जीनोम २०१६ मध्येच छापून आलेला, शीर्षकातच क्वासिन्यूमोनिई सबस्पीशीज सिमिलिन्यूमोनिई. आणि खरी लाज पुढे आहे. आमच्या शेवटच्या लॉटच्या सर्टिफिकेटवरही नवीनच नाव होतं. फाईलला नीट लावलेलं. "तपासले" च्या खाली सही माझी. नंबर जुळला की सही, नाव कोण वाचतंय!

यात जास्त काय लागलं सांगू, दर ट्रेनिंगला मीच नव्या पोरांना एटीसीसी ९३४१ ची गोष्ट रंगवून सांगते, की अँटिबायोटिकची ताकद मोजायच्या चाचणीत जगभर वापरला जाणारा हा स्ट्रेन आधी सार्सिना ल्यूटिया, मग मायक्रोकॉकस ल्यूटियस आणि २००३ मध्ये निघाला कोकुरिया रायझोफिला.

बरं, रेफरन्स स्ट्रेन (टेस्ट तपासायला वापरतात तो) आणि टाईप स्ट्रेन एकच समजणारे लोक आमच्याच फील्डमध्ये भरपूर आहेत. रेफरन्सचं नाव बदललं तर नुसतं लेबल बदलायचं. टाईपचं तसं नाही, नाव त्याच्याशीच बांधलेलं असतं, मग तो त्या स्पीशीजचा चांगला नमुना असो वा नसो. लॅक्टोबॅसिलस केसईचा टाईप एटीसीसी ३९३ नको, ३३४ करा म्हणून किती वर्षं भांडण चाललं, शेवटी २००८ मध्ये बॅक्टेरियाच्या नावांचे वाद सोडवणाऱ्या ज्युडिशियल कमिशनने नाही म्हटलं. त्या मानाने आमचं प्रकरण साधं, असं मला वाटलं होतं.

क्यूएच्या (लॅबची गुणवत्ता बघणाऱ्या) मॅडमना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "झोन येतोय ना?" येतोय. झोन म्हणजे अँटिबायोटिकच्या डिस्कभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ. सेफ्टाझिडाइमच्या एकट्या डिस्कपेक्षा क्लॅव्युलॅनेटवाल्या (हे ईएसबीएलला रोखतं) डिस्कचा झोन किमान ५ मिलिमीटरने मोठा यायला हवा, तो येतोच, जंतूला आपलं नाव बदलल्याचं काय माहीत. "मग प्रॉब्लेम काय?" त्यांचं तसं बरोबर आहे, कंट्रोल म्हणून तो आजही उत्तमच. तरी डिव्हिएशन फॉर्म (काही चुकलं की भरायचा तो) भरायला लावलाच, त्यात मूळ कारणाचे चार रकाने, माणूस, मशीन, पद्धत, मटेरियल. मी बराच वेळ पेन धरून बसले आणि "माणूस" वर टिक केली. पोराने विचारलं, "माझं नाव टाकताय का मॅडम?" त्याला असं वाटावं याचं मला जास्त वाईट वाटलं. सॉरी म्हटलं, पण चार दिवसांनी म्हटलेलं सॉरी ते.

प्रॉब्लेम काय ते त्या रात्री लक्षात आलं. दोन वर्षांपूर्वी माल्डीच्या (जंतूच्या प्रथिनांच्या ठशावरून तो ओळखणाऱ्या मशीनच्या) आमच्या लायब्ररीत काही स्पेक्ट्रा, म्हणजे असे ठसे, मी स्वतः हौसेने घातले होते. त्यातला एक ७००६०३ चा, नाव न्यूमोनिई. म्हणजे पेशंटच्या ज्या आयसोलेटचा (नमुन्यातून वाढवलेल्या जंतूचा) पहिला मॅच आमची ती एन्ट्री, ते क्वासि असण्याचीच शक्यता जास्त, आणि त्यांचे रिपोर्ट न्यूमोनिई म्हणून केव्हाच गेलेत.

एन्ट्री बदलली, ते एका मिनिटाचं काम. मग अशा आयसोलेटची यादी काढली आणि फ्रीझरमधून पहिले १२ बाहेर काढून त्यालाच चालवायला दिले, यावेळी काही न बोलता. काल त्याने कागद आणून टेबलावर ठेवला. सातमध्ये ओकेपी. उरलेले सोमवारी लावतोय.