टोकं मोजून नराचं वय कळत नाही

शिंगांना जितकी टोकं तितकं नराचं वय, हा समज आधी डोक्यातून काढावा. अमेरिकेतल्या व्हाइट-टेल हरणाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. त्यांना किती फाटे फुटणार हे वयाइतकंच चाऱ्यावर ठरतं. सुपीक भागात दीड वर्षाच्या नरालाही सहा-आठ टोकं येतात. हलक्या जमिनीवर त्याच वयाचा नर दोन सरळ सुळके मिरवतो.

शिकारीचे नियम मात्र शिंगांवरूनच वय ताडतात. हेतू असतो दीड वर्षाचे नर वाचवण्याचा. पेनसिल्व्हेनियाने २००२ साली बहुतेक भागांत एका बाजूला किमान ३ टोकांची अट घातली. टोक किमान १ इंचाचं हवं. मुख्य दांड्याचा शेंडाही मोजतात. पश्चिम भागात पुढे कपाळालगतचं पहिलं टोक मोजणीतून वगळलं. शहाणपणाचा बदल, कारण झाडीत नेमकं तेच दिसत नाही.

मिसिसिपीत उलटंच झालं. १९९५ पासून तिथे दोन्ही बाजू मिळून ४ टोकं पुरत. जोमदार नर पहिल्याच शिंगांना ही अट ओलांडून गोळीला पात्र ठरत, खुरटे सुटत. पुढे मोठ्या वयाच्या नरांची शिंगं काही भागांत लहान भरू लागली. मग राज्याने टोकं सोडून दोन शिंगांमधली आतली रुंदी किंवा दांड्याची लांबी धरली.

टेक्सासने २००२ मध्ये सहा काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) रुंदीपासूनच सुरुवात केली: आतलं अंतर किमान १३ इंच, नाहीतर एक तरी शिंग बिनफाट्याचं. या दुसऱ्या सवलतीमुळे फक्त खुरटेच राखले जात नाहीत. रुंदीचा अंदाज कानांवरून घेतात. कान टवकारलेले आणि तोंड समोर असेल, तरच तो धरावा. कान मागे पाडलेल्या किंवा आडव्या उभ्या नरावर नेम धरणारे हमखास फसतात.

(भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे हरणांची शिकारच बंद आहे, तेव्हा हा हिशोब तिकडचाच.)

नुसते नर राखून कळप आटोक्यात येत नाही. पिल्लं माद्यांना होतात, म्हणून माद्यांचे परवाने सोबत वाढवावे लागतात. सीडब्ल्यूडी हा मेंदूचा जीवघेणा रोग आला की गणितच फिरतं: तो प्रौढ नरांत जास्त आढळतो आणि तरुण नर नवी जागा शोधत दूरवर जातात. त्यामुळे मिसुरीने रोगग्रस्त काउंट्यांत टोकांची अट उठवली.