ईयोब १३:१५ आणि एका कबरीचा दगड

दफनविधी झाला की लगेच कबरीवर दगड बसवत नाहीत. एक पावसाळा माती खचू द्यावी लागते, नाहीतर ग्रॅनाइट कलतो. त्यामुळे दगडावर कोरायचं बायबलचं वचन ठरवायला घरच्यांना काही महिने मिळतात, आणि बहुतेक घरं स्तोत्र २३ किंवा योहान ११:२५ वर येऊन थांबतात. कारागीर अक्षरामागे पैसे घेतो, जोडाक्षरांची कटकट करतो. मजकूर तपासून द्यायचं काम पाळक म्हणून माझ्याकडे येतं. एरवी ते दहा मिनिटांत होतं.

गेलेले गुरुजी मिशन हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. थोरल्या मुलाने त्यांचं किंग जेम्स, म्हणजे जुन्या इंग्रजी भाषांतराचं, बायबल माझ्यापुढे उघडलं. ईयोब १३:१५ खाली, म्हणजे सगळं गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकातल्या तेराव्या अध्यायाच्या पंधराव्या वचनाखाली, लाल पेन्सिलीची रेघ होती. ‘त्याने मला ठार मारलं तरी मी त्याच्यावर भरवसा ठेवीन.’ हेच मराठीत कोरून घ्या, म्हणाला.

धाकटी बहीण नर्स आहे. शेवटचं दुखणं तिनेच काढलं. तिने स्वतःचं बायबल आणून ठेवलं, १९५२ ची रिव्हाइज्ड स्टँडर्ड ही सुधारित इंग्रजी आवृत्ती. तिथे तेच वचन असं: ‘पाहा, तो मला ठार मारणार, मला आशा नाही, तरी त्याच्या तोंडावर मी माझ्या वागण्याची बाजू मांडीन.’

“पाळकसाहेब, बाबा शेवटी हे बोलत होते. दादा तेव्हा इथे नव्हता.”

थोरला उठून उभाच राहिला. बापाच्या छातीवर ‘आशा नाही’ कोरायचं? त्यांची आई, माउली, भिंतीला टेकून दोघांकडे बघत होती.

मी एका पाळकबंधूंना फोन केला, तर ते म्हणाले, “नव्या आवृत्तीवाल्यांनी वचन नासवलंय, तुम्ही सरळ स्तोत्र २३ टाका.” सेमिनरीत हिब्रू शिकलेला माणूस असं बोलतो तेव्हा माझा तोल जातो. परीक्षेपुरती मुळाक्षरं घोकायची आणि मंडळीपुढे जुनं तेवढं पवित्र म्हणायचं, ही लोकांची फसवणूक आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हिब्रू बायबल घेऊन गेलो आणि भावाबहिणीला शेजारी बसवून नेमकी जागा दाखवली. मुख्य ओळीत ‘लो’ हा शब्द आलेफ या हिब्रू अक्षराने लिहिलेला आहे. त्याचा अर्थ ‘नाही’. समासात बारीक टिपण आहे की इथे वाव या दुसऱ्या अक्षराचा ‘लो’ वाचा. त्याचा अर्थ ‘त्याची, त्याच्यासाठी’. कानाला दोन्ही सारखेच. एकाने वाक्य होतं ‘मी आशा धरत नाही’, दुसऱ्याने ‘मी त्याची आशा धरतो’. ज्या मासोरेती शास्त्र्यांनी, म्हणजे हिब्रू बायबलच्या प्रती राखणाऱ्या यहुदी पंडितांनी, हा पाठ जपला, त्यांनी ओळीतलं अक्षर खोडलं नाही की समासातलं वाचन गाळलं नाही. त्या प्रामाणिकपणापुढे मी आजही हात जोडतो.

किंग जेम्सवाल्यांनी १६११ मध्ये समास धरला. १९०१ च्या अमेरिकन सुधारित आवृत्तीने आणि १९५२ च्या आवृत्तीने ओळ धरली. १९७८ च्या न्यू इंटरनॅशनलने पुन्हा आशा ठेवली. म्हणजे वाद नव्या-जुन्याचा नाहीच. इ.स. २०० च्या सुमाराच्या मिश्नात, म्हणजे यहुद्यांच्या धर्मनियमांच्या संग्रहात, सोटा नावाच्या प्रकरणात, हाच प्रश्न आहे: त्याची आशा धरतो, की धरत नाही? रब्बींनी, यहुदी धर्मगुरूंनी, निकाल व्याकरणावर लावला नाही. ईयोबाच्याच पुढच्या बोलण्याकडे, २७:५ कडे, बोट दाखवलं: मरेपर्यंत मी माझी सचोटी सोडणार नाही.

माझं स्वतःचं मत सुधारित आवृत्तीच्या बाजूने आहे आणि ते मी त्यांना सांगितलं. अख्खा तेरावा अध्याय भांडणाचा आहे. ईयोब मित्रांना गप्प करतो, जीव मुठीत धरतो आणि देवापुढे उभा राहायला निघतो. विठ्ठलाशी भांडणारे तुकोबा ज्याने ऐकलेत, त्या मराठी माणसाला हा सूर परका वाटू नये. आणि ४२:७ मध्ये देव काय म्हणतो? माझ्याविषयी योग्य ते ईयोब बोलला, त्याचे मित्र नाही. ‘आशा नाही’ म्हणणाऱ्यालाच ही पावती मिळाली आहे. आपण मात्र दुःखातल्या माणसाला पहिल्या दिवसापासून भरवशाचं वचन पाजतो, आणि तो चिडला की त्याचा विश्वास डळमळला म्हणून प्रार्थना मागतो.

“म्हणजे बाबांची रेघ चुकली?” थोरल्याने विचारलं.

“नाही. ती समासाची रेघ आहे. तो समासही शास्त्र्यांनीच राखलाय.”

त्यावर तो काही बोलला नाही. बहीणही हटली नाही. शेवटी माउली म्हणाली, “वचन कोरूच नका. नुसतं ईयोब १३:१५ टाका. ज्याला वाचायचंय तो घरी जाऊन वाचील.” पंच कमिटीतल्या एकाने कुरकुर केली की नुसते आकडे बरे दिसत नाहीत. मी मजकूर तसाच कारागिराकडे पाठवला.

दगड बसला, तरी माझा विचार थांबलेला नाही. थोरला अधूनमधून भेटतो, परवा उपासनेनंतर दारातच थांबला. “पाळकसाहेब, तेव्हा घरी नाही विचारलं. दफनविधीत तुम्ही स्वतः काय वाचता?” मी सांगितलं, ‘मला आशा नाही’ असं वाचतो आणि ‘तरी’पासून पुढचं कधीही गाळत नाही. त्याला ते पटलं नाही. पुढच्या आठवड्यात तो वडिलांचं बायबल घेऊन येणार आहे, आम्ही पहिल्या अध्यायापासून वाचणार आहोत.