किरणांतून गेलेली तुळस

खानापूरचा पाऊस कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्याच दमट हवेत आम्ही सात जणी तुळस, अडुळसा, वेखंड वाळवून पावडर करतो. गेल्या वर्षी तुळशीचा अख्खा लॉट परत आला. बुरशी आणि जिवाणूंचं प्रमाण जास्त निघालं. चाळीस किलो माल! रडूच आलं.

वाफ द्यावी तर सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. राहिला जंतू मारणाऱ्या गॅमा किरणांचा मार्ग. वाशीला २००० सालापासून मसाल्यांसाठी सरकारी विकिरण केंद्र आहे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, किरणं सोडलेली तुळस कोण तोंडात घालणार?" माल किरणोत्सर्गी होत नाही, हे त्यांना पटवायला दोन दिवस लागले. तिथली किरणं कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूतून येतात, त्यांत तेवढी ऊर्जाच नसते. मला धास्ती वेगळीच होती. वास गेला तर तुळशीत उरलं काय?

किरणांची मात्रा ठरली ८ किलोग्रे. मालात किरणांची किती ऊर्जा मुरली, त्याचं हे माप. १० किलोग्रेनंसुद्धा पाणी जेमतेम अडीच अंशांनी तापतं, म्हणजे तेल उष्णतेनं उडायची भीती नाही. खरा धोका ओलाव्याचा. पाण्याचे रेणू किरणांनी फुटतात आणि त्यांचे तुकडे युजेनॉलसारख्या सुगंधी घटकांवर तुटून पडतात. म्हणून नवा माल पानं चुरचुरेपर्यंत वाळवला, पाकिटं सील करूनच पाठवली.

माल परत आला. खोक्यांवरचे, किरणं लागली की रंग बदलणारे पिवळे ठिपके लाल झालेले. पहिलं पाकीट फोडलं आणि काळजात धस्स झालं. प्लास्टिकचा वास! पावडर सुपात पसरून ठेवली. अर्ध्या तासानं लवंगेसारखा तो ओळखीचा झणका आला, तेव्हा जीव भांड्यात पडला. प्लास्टिकवरही किरणांचा परिणाम होतो, तो वास पाकिटाचा होता.

तरी नाकावर भरवसा ठेवला नाही. बेळगावात फार्मसी शिकवणाऱ्या एका ओळखीच्या मॅडमनी सुगंधी तेल काढून मोजणाऱ्या क्लेव्हेंजरच्या उपकरणात किरणं दिलेला आणि न दिलेला, असे दोन्ही नमुने शंभर-शंभर ग्रॅम उकळले. नळीतल्या तेलात रेघभराचा फरक. तेलाच्या घटकांची चाचणी आम्ही केली नाही, तेवढे पैसे नव्हते. मग सहज म्हणून आमचीच जुनी, गच्चीवर कडक उन्हात वाळवलेली, किरणं न दिलेली तुळस लावली. तेल निम्मंही निघालं नाही.

यंदा पत्र्याच्या शेडमध्ये, सावलीत जाळ्या टांगल्यात. पाकिटावर विकिरणाची हिरवी खूणही ठळक छापलीय. एका दुकानदारानं ती लपवायला सांगितली, आम्ही नाही म्हटलं.